जुनी स्विफ्ट, ट्रॅक डे आणि टीएसडी रॅली: एक मोसम वापरल्यानंतर

दसऱ्याला घेतलेली सेकंडहँड स्विफ्ट आता पावसाच्या तोंडावर गॅरेजमध्ये खोलून ठेवली आहे. या मधल्या काळात तिने रोजचं ऑफिस केलं, ट्रॅक डेला, म्हणजे आपलीच गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर चालवून बघायच्या दिवशी, मद्रासचा ट्रॅक पाहिला आणि पुण्याच्या आसपासच्या टीएसडी रॅल्या, म्हणजे ठरलेली वेळ अचूक पाळायच्या स्पर्धा, केल्या. हौशी मोटरस्पोर्टला सुरुवात करायची तर कुठली गाडी घ्यावी आणि खर्च कुठे करावा, हे मला बरेच जण विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. निकाल आधीच सांगून टाकतो. गाडी उत्तम आहे. ताकद पुरते. ब्रेक आणि टायर यांवर पैसे सोडायची तयारी हवी. आणि पुण्या-मुंबईकडच्या माणसाने ट्रॅकच्या आधी टीएसडी करावी.

गाडी आहे २०११ साली आलेल्या दुसऱ्या पिढीतली, पेट्रोल, झेडएक्सआय हे वरचं मॉडेल. ११९७ सीसीचं इंजिन, ८७ पीएसच्या (म्हणजे साधारण तेवढ्याच हॉर्सपॉवरच्या) घरातली ताकद, पाच गिअर, वजन हजार किलोच्या आत. झेडएक्सआयच का, तर एबीएस (जोरात ब्रेक लावला तरी चाकं अडकू न देणारी यंत्रणा) आणि १५ इंची चाकं कंपनीकडूनच मिळतात. या किमतीत थोडी खटपट केली तर जास्त ताकदीची टर्बो हॅचबॅकही मिळते आणि मित्रमंडळींचा आग्रह तोच होता. मी वजनाकडे पाहिलं. हलकी गाडी टायर कमी खाते, ब्रेक कमी तापवते, आणि हिचे सुटे भाग तालुक्याच्या गावातही मिळतात. बाराशे किलोमीटर लांब जाऊन एखादा बुश गेला तर या शेवटच्या गोष्टीची किंमत कळते. शिवाय ८७ पीएसमध्ये वळणात घालवलेला वेग सरळ रस्त्यावर ॲक्सिलरेटर दाबून परत मिळत नाही. वळणातून नीट बाहेर पडलात तरच पुढे जाता. शिकणाऱ्याला हेच हवं.

आता ब्रेक. यावर जरा जास्त लिहिणार आहे, कारण पहिल्या ट्रॅक डेला आलेल्या बहुतेक गाड्या इंजिनमुळे नाही, ब्रेकमुळे पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या गाड्या थांबवायच्या जागेत, परत येतात. ड्रायव्हरसकट साडेदहाशे किलोची गाडी १४० वरून ७० वर आणायची म्हणजे सुमारे सहा लाख ज्यूल उष्णता ब्रेकमध्ये ओतायची. तेवढ्या उष्णतेत दीड लिटर गार पाण्याला उकळी येते. हे एका वळणाआधी. पुढचं वळण काही सेकंदांवर असतं, आणि बराचसा भार पुढच्या दोन चाकांवर. घरगुती वापराचे ब्रेक पॅड थंड असताना चटकन धरावेत म्हणून बनवलेले असतात, त्यामुळे चार-पाच फेऱ्यांनंतर त्यांनी हात टेकले तर तो कुठल्या कंपनीचा दोष नव्हे, त्यांचं ते कामच नाही.

पॅडपेक्षाही आधी बदलायची वस्तू म्हणजे ब्रेक ऑइल. ते हवेतलं पाणी शोषतं आणि पाणी शिरलं की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ३ दर्जाचं ऑइल ताजं असताना किमान २०५ अंशांना उकळतं, पाणी धरलेलं १४० ला. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५, डॉट ५.१ चे २६० आणि १८०. ऑइल उकळलं की लाइनमध्ये वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दबते. पेडल तळाला जातं आणि गाडी तशीच पुढे जात राहते. मी प्रत्येक ट्रॅक डेच्या आधी सगळं जुनं ऑइल काढून सीलबंद डब्यातलं डॉट ५.१ भरतो. काम दोघांचं: एक जण आत बसून पेडल पंप करतो आणि दाबून धरतो, दुसरा चाकापाशी निपल सैल करून बाटलीतली नळी बघत बसतो. "पंप, धर, सोड" असं चारही चाकांना चालतं. आमच्या मेकॅनिकने पहिल्या वेळी विचारलं, "ऑइल तर चांगलं आहे, फेकताय कशाला?" मुलूखभर फिरणाऱ्या गाडीसाठी त्याचं बरोबरच आहे.

पॅड मात्र ऑनलाइन मागवले, त्यांचा अनुभव संमिश्र. नाव लिहीत नाही. ट्रॅकवर चांगले चालतात, तापले की पकड वाढते, पण शहरात सकाळी पहिल्या सिग्नलला असे किंचाळतात की रिक्षावाला मागे वळून बघतो. धूळही भयंकर, पुढची चांदीची चाकं आठवड्यात काळी होतात. ज्यांची गाडी रोजच्या वापरातही आहे त्यांनी पॅडचे दोन संच ठेवावेत आणि बदलायला शिकावं. जॅक, पाना आणि सवय असेल तर एका चाकाला अर्धा तासही लागत नाही.

टायरच्या बाबतीत मी कंपनीच्याच मापावर, १८५/६५ आर १५ वर राहिलो. रुंद टायर दिसायला छान, पण स्पीडोमीटर आणि ट्रिप मीटरची मापं बिघडतात, आणि टीएसडीला ते महागात पडतं. हवा तपासायला स्वतःचं गेज घ्या. दोन पेट्रोल पंपांवरचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. थंड टायरमध्ये ३० भरलेली हवा एका सत्रानंतर ३४-३५ दाखवते. किती ठेवायची हे टायरलाच विचारायचं: खडूने कडेपासून बाजूच्या भिंतीपर्यंत रेघा मारा आणि फेऱ्या मारून या. रेघ भिंतीवरून बरीच पुसली गेली असेल तर टायर लोळतोय, हवा कमी आहे. कडेपर्यंतही पुसली नसेल तर जास्त आहे. खडूचा खर्च किती येतो ते सांगायला नको.

ट्रॅक डे कसा असतो? आपल्याकडच्या जुन्या ट्रॅकपैकी मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, लांबी ३.७ किलोमीटर, १९९० पासून सुरू. त्याआधी चेन्नईजवळच शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या. कोइंबतूरजवळचा कारी मोटर स्पीडवे २.१ किलोमीटरचा, २००३ चा. फॉर्म्युला मारुती गाड्या बनवून कितीतरी पोरांना स्वस्तात शर्यतीत आणणाऱ्या एस. करिवर्धन यांचं नाव त्याला दिलंय. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट पाच किलोमीटरहून मोठा, पण तो माझ्या गाडीला फार मोठा आहे; सरळ पट्ट्यावर चहा पिऊन होईल. मद्रासची एक सोय मला फार आवडते. पुण्यातून कोल्हापूर-बेळगाववरून जाणारा ४८ नंबरचा महामार्ग धरून चालत राहिलं की तोच रस्ता बेंगळुरू ओलांडून थेट ट्रॅकपाशी नेऊन सोडतो. वाटेत एक मुक्काम करा. दोन ड्रायव्हर असतील तर उत्तम.

सकाळी आधी गाडीची तपासणी. बॅटरी घट्ट आहे का, टो हुक बसवलाय का, कुठे तेल गळतंय का, नटबोल्ट आवळलेत का. पायाखालच्या मॅट काढायच्या, डॅशबोर्डवरचा गणपती, पाण्याची बाटली, स्टेपनीशेजारचं सामान, सगळं बाहेर. मग ब्रीफिंग, त्यात झेंडे: पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक नाही, निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय, लाल म्हणजे सत्र थांबलं, पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे रस्ता निसरडा. ओव्हरटेक फक्त ठरलेल्या सरळ पट्ट्यांवर आणि पुढच्याने हात दाखवल्यावर. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेपेक्षा इथे मला कितीतरी सुरक्षित वाटतं, कारण सगळे एकाच दिशेला जातात आणि आरशात बघतात.

इन्स्ट्रक्टर मिळत असेल तर पैसे देऊन घ्या. त्याने मला पहिल्या सत्रात एकच गोष्ट करायला लावली: ब्रेक सरळ रेषेत संपवायचा, मगच स्टिअरिंग. "डोळे ॲपेक्सवर. हात आपोआप जातील." ॲपेक्स म्हणजे वळणाचा सगळ्यात आतला बिंदू. पुढच्या चाकांनी ओढणारी गाडी वळणात जास्त वेगाने नेली की नाक बाहेर पळतं, आणि अशा वेळी स्टिअरिंग आणखी फिरवून काही होत नाही. ॲक्सिलरेटर जरासा सोडला की पकड परत येते. झटकन सोडला तर मागची बाजू हलकी होते. हे पुस्तकात वाचून कळत नाही, बुडाला कळतं. म्हणून सीट पुढे आणि उभी घ्या, पाठ पूर्ण टेकलेली हवी.

सत्र संपताना शेवटची फेरी ब्रेक न लावता सावकाश मारायची, म्हणजे वाऱ्याने सगळं गार होतं. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, तापलेला ड्रम तसाच धरून बसू शकतो. गिअरमध्ये ठेवा, चाकाखाली लाकूड लावा, बॉनेट उघडा.

हेल्मेटबद्दल थोडक्यात. नवशिक्यांच्या ट्रॅक डेला बऱ्याच ठिकाणी बाइकचं आयएसआय मार्कवालं फुलफेस चालतं. गाडीच्या शर्यतीसाठीच्या, स्नेल संस्थेच्या एसए मानकाच्या हेल्मेटचं अस्तर आगीला दाद देत नाही, बाइकच्या हेल्मेटला ती हमी नसते. पुढे जायचं नक्की असेल तर थेट एसए घ्या, दोनदा खर्च नको. कपडे सुती, पूर्ण बाह्यांचे. नायलॉनची रेसिंग टीशर्ट फोटोला बरी.

आणि विमा! आपल्या नेहमीच्या मोटार पॉलिसीत संघटित शर्यत, वेगचाचणी, रिलायबिलिटी ट्रायल यांना वगळलेलं असतं. म्हणजे ट्रॅकवर गाडी भिंतीला लागली तर भरपाईवर डोळा ठेवू नका. म्हणूनच स्वस्त गाडी. जी गाडी उद्या भंगारात गेली तरी हप्ते भरत रडावं लागणार नाही, तीच ट्रॅकवर न्यावी.

आता टीएसडी. टाइम, स्पीड, डिस्टन्स. इथे वेग जिंकत नाही, नेमका वेळ जिंकतो. आयोजक रोडबुक देतात: प्रत्येक वळणाची आकृती, तिथपर्यंतचं अंतर आणि कुठल्या टप्प्यात सरासरी वेग किती ठेवायचा. वाटेत न सांगितलेल्या जागी वेळ नोंदवणारे मार्शल बसलेले असतात. लवकर पोहोचलात तरी दंड, उशिरा पोहोचलात तरी दंड, आणि बऱ्याच स्पर्धांत लवकरचा दंड जास्त जड. रस्ते सार्वजनिक आणि वाहतूक चालू, त्यामुळे सरासऱ्या कायद्याच्या आत असतात. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन महिलांसाठी घेते ती ॲम्बी व्हॅलीपर्यंतची रॅलीही याच पद्धतीची आहे. तिथे कौतुकाने घरच्या एसयूव्ही घेऊन येणाऱ्या बायका आकडेमोडीत भल्याभल्यांना घाम फोडतात.

माझी नॅव्हिगेटर, म्हणजे शेजारी बसून रोडबुक आणि वेळेचा हिशोब सांभाळणारी, वहिनी. त्या बँकेत आहेत आणि आकड्यांशी त्यांचं चांगलं जमतं. त्यांनी पुठ्ठ्यावर तक्ता केलाय: ३० च्या सरासरीला एक किलोमीटर १२० सेकंदांत, ३६ ला १०० सेकंदांत, ४० ला ९०, ४५ ला ८०. ३६ त्यांच्या आवडीचा, कारण सेकंदाला बरोबर दहा मीटर. सुरुवातीलाच आयोजकांनी दिलेल्या टप्प्यावर ट्रिप मीटर पडताळायचा. रोडबुकात १०.०० असताना आमच्या गाडीत १०.२ येतं, मग पुढचं प्रत्येक अंतर १.०२ ने गुणायचं. गाडीची खरी अडचण इथे दिसते. ट्रिप मीटर शंभर मीटरच्या टप्प्याने बदलतो, आणि ३६ च्या सरासरीला शंभर मीटर म्हणजे दहा सेकंद. तेवढ्या फरकात निकाल लागतो. नवशिक्यांच्या गटात फोनवरचं जीपीएस चालत असेल तर वापरा, पण नियमपुस्तिका आधी वाचा.

हिवाळ्यात फलटणच्या बाजूला उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर समोर आला. पुढे अरुंद पूल. पन्नासेक सेकंद गेले. मोकळा रस्ता मिळाल्यावर मी जरा दाबलं, तर शेजारून शांत आवाज, "भाऊजी, आता अकरा सेकंद पुढे आहात. दम धरा." पुढच्या झाडामागेच मार्शलची खुर्ची होती. या खेळात ड्रायव्हर हा नॅव्हिगेटरच्या हातातलं अवजार आहे, हे ज्याला रुचत नाही त्याने यात पडू नये.

खरी स्टेज रॅली, जिथे वेगच जिंकतो, ती वेगळीच दुनिया आहे. बंद केलेले रस्ते, आधी रेकी करून लिहिलेल्या पेस नोट्स (प्रत्येक वळणाच्या नोंदी), रोल केज (गाडी उलटली तरी छप्पर दबू न देणारा आतला पोलादी सांगाडा), फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडियाचं लायसन्स. आपल्या पुण्याचे संजय टकले २०२५ मध्ये वाळवंटातल्या डकार रॅलीच्या क्लासिक गटात गाडी चालवून आले, तेव्हापासून आमच्या कट्ट्यावर जो तो वाळूचे व्हिडिओ बघतोय. पण रस्त्यावर चालणाऱ्या नोंदणीकृत गाडीत रोल केज बसवणं म्हणजे आरटीओचं दुखणं ओढवून घेणं, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ बनावटीत बदल चालत नाही. आणि उत्साहाच्या भरात ताम्हिणीत मध्यरात्री "टायमिंग" काढणाऱ्यांसाठी कलम १८९ आहे: २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

मोसमाअखेर गाडीची अवस्था: पुढचे टायर संपले, मागचे निम्मे शिल्लक. पुढच्या डिस्कवर बोटाला लागेल अशी कडा आलीय, बदलणार. क्लच ठीक. इंजिनला हात लावायची गरज पडली नाही, ऑइल तेवढं निम्म्या मुदतीत बदलत गेलो. शॉकअप थकलेत. ते पहिल्यापासून थकलेले होते, ट्रॅकने फक्त बोलून दाखवलं. मेकॅनिक म्हणतो गणपतीच्या आधी गाडी देतो. वहिनींनी मात्र बजावलंय की शॉकअपच्या आधी त्यांना दहा मीटरपर्यंत मोजणारा ट्रिप मीटर हवा, आणि तो त्यांच्या बाजूला बसला पाहिजे.