साधा ऑडिओ टॅग आणि स्वतःचं होस्टिंग : नऊ महिन्यांनंतर

संकेतस्थळावर भाषणं ऐकवण्याची माझी मांडणी अगदी साधी आहे. शेअर्ड होस्टिंग (अनेकांच्या साइट एकाच सर्व्हरवर), त्यावर अपाचे हा वेब सर्व्हर, एका फोल्डरात एमपीथ्री फाईली आणि पानावर ब्राउझरचा मूळचा ऑडिओ टॅग. प्लगइन नाही, बाहेरून आणलेला प्लेयर नाही. मजकूर बहुतेक भाषणांचा, ४० मिनिटांपासून तासाभरापर्यंतचा. ज्याला ऐकायचं त्याने पानावरच ऐकावं, ज्याला हवं त्याने उतरवून घ्यावं.

नऊ महिन्यांत प्लेयरने फारसा त्रास दिला नाही. दिला तो फाईलींनी आणि सर्व्हरने.

फॉरमॅटचा वाद लवकर मिटतो. ओपस हा फॉरमॅट तांत्रिकदृष्ट्या सरस आहे, कमी बिटरेटला (म्हणजे सेकंदाला कमी डेटा खर्चून) बोलणं त्यात एमपीथ्रीपेक्षा स्वच्छ ऐकू येतं. पण जुन्या आयफोनवर ऑग या फाईल-प्रकारातला ओपस वाजत नाही. मग प्रत्येक भाषणाच्या दोन फाईली ठेवा, टॅगमध्ये दोन स्रोत द्या, एक दुरुस्ती झाली की दोन्ही बदला. एवढा खटाटोप बोलण्यासाठी परवडत नाही. मोनो (एकच चॅनेल), ६४ केबीपीएस (सेकंदाला ६४ हजार बिट), सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे नमुने) ४४,१०० हर्ट्‌झ, स्थिर बिटरेटचा एमपीथ्री : तासाला २८.८ एमबी. हजार जणांनी तासभराचं भाषण पूर्ण ऐकलं तर २८.८ जीबी ट्रॅफिक. १२८ स्टिरिओ ठेवलं की हे सगळं दुप्पट, आणि एकट्या वक्त्याच्या आवाजात फरक ओळखू येत नाही. संगीत असेल तर मात्र ही काटकसर करू नये.

स्थिर बिटरेट मुद्दाम. बदलत्या बिटरेटमध्ये मधल्या मिनिटावर उडी मारताना ब्राउझर फाईलच्या सुरुवातीच्या तक्त्यावरून अंदाज बांधतो, आणि त्या तक्त्यात नोंदी जेमतेम १०० असतात. तासाच्या फाईलला एक नोंद ३६ सेकंदांची झाली. दोन एमपीथ्री नुसत्या एकापुढे एक चिकटवल्या तर आणखी मजा : माहिती पहिल्याच तुकड्याची राहते आणि ९० मिनिटांचं भाषण प्लेयरवर ४५ मिनिटांचं दिसू शकतं. जोडकाम एमपीथ्री करण्याआधी, वेव्ह या न दाबलेल्या फाईलवर करावं.

आवाजाची पातळी एफएफएमपेग या ऑडिओ-व्हिडिओ साधनाच्या लाउडनॉर्म फिल्टरने सारखी करून घेतली आहे. स्टिरिओसाठी उणे १६ एलयूएफएस (जाणवणाऱ्या आवाजाचं एकक), मोनोसाठी उणे १९; मोनो दोन्ही स्पीकरांतून वाजतो, म्हणून हा तीनचा फरक. हा फिल्टर एकाच फेरीत चालवला की सॅम्पल रेट आतल्या आत १,९२,००० वर नेतो. आउटपुटला ४४,१०० स्पष्ट सांगितलं नाही तर वेव्ह फाईल अवाढव्य होऊन बसते.

आता मुख्य दुखणं. ब्राउझर ऑडिओ सलग मागत नाही, तुकड्यांनी मागतो. सफारी तर आधी पहिले दोनच बाइट मागून सर्व्हरची परीक्षा घेते. उत्तर २०६ (‘मागितलेला तुकडा देतो’) आलं तर पुढचं काम सुरू होतं. सर्व्हरने २०० (‘घ्या सगळी’) म्हणून अख्खी फाईल पुढे ढकलली तर आयफोनवर प्ले दाबून काहीच होत नाही, आणि क्रोममध्ये पट्टी पुढे ओढली की ती परत शून्यावर येते. ही दोन लक्षणं दिसली की प्लेयर बदलत बसू नका. अपाचे आणि एंजिनएक्स हे सर्व्हर साध्या फाईलींना तुकडे देतातच. बिघडतं ते मध्ये काहीतरी घातल्यावर. डाउनलोड मोजण्यासाठी लिहिलेली पीएचपी स्क्रिप्ट हा नेहमीचा गुन्हेगार : ती फाईल वाचून ओकते, कोणता तुकडा हवा ते सांगणारं रेंजचं हेडर बघतही नाही. दुसरा गुन्हेगार म्हणजे सरसकट सगळ्या प्रकारांना लावलेलं जिझिप हे कॉम्प्रेशन. एमपीथ्री त्याने आक्रसत नाही, उलट एकूण लांबी आणि तुकडे दोन्ही हातचे जातात. तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे : कर्ल या कमांड-लाइन साधनाला ० ते ९९ एवढीच रेंज मागायला सांगा. २०६ आणि नेमके १०० बाइट आले पाहिजेत.

मोजणीही याच तुकड्यांमुळे फसते. एकाच श्रोत्याच्या एका ऐकण्याच्या लॉगमध्ये पाच-दहा ओळी पडतात. ओळी मोजून खूश होऊ नये. गेलेले बाइट जोडून फाईलच्या आकाराने भागावेत, तो आकडा खऱ्याच्या जवळ जातो.

दुसरी न दिसणारी गोष्ट मुखपृष्ठाच्या चित्राची. ते एमपीथ्रीच्या माहितीच्या टॅगमध्ये, म्हणजे फाईलच्या अगदी तोंडाशी बसतं. ३,००० पिक्सेलचं दीड एमबीचं चित्र घातलं की मंद मोबाइल नेटवर प्ले दाबून माणूस बघत बसतो, कारण आवाज त्या चित्राच्या मागे रांगेत आहे. ६४ केबीपीएसला दीड एमबी म्हणजे तीन मिनिटांहून जास्त बोलणं! ६०० पिक्सेलचं, शंभर केबीच्या आतलं जेपेग पुरतं.

ऑडिओ टॅगमधलं प्रीलोड (आधीच मागवून ठेवणं) ‘नन’ ठेवावं. पानावर बारा प्लेयर असले तर नाहीतर पान उघडताक्षणी बारा मागण्या सुटतात. त्याची किंमत एवढीच की प्लेयर कालावधी दाखवत नाही. तो शेजारी हाताने लिहायचा. एक वाजताना दुसरा थांबवण्यासाठी आठ ओळींची स्क्रिप्ट लागते. त्यात ‘प्ले’ ही घटना वरच्या घटकांकडे चढत नाही, म्हणून लिसनर (घटनेवर लक्ष ठेवणारा कोड) कॅप्चर, म्हणजे वरून खाली येतानाच घटना पकडण्याचा पर्याय, लावूनच जोडावा. नाहीतर स्क्रिप्ट बिनचूक दिसते आणि दोन वक्ते एकदम बोलत राहतात.

डाउनलोडच्या दुव्याला डाउनलोड अ‍ॅट्रिब्यूट पुरतं, पण फाईल त्याच डोमेनवर असेल तरच. फाईली वेगळ्या सबडोमेनवर हलवल्या की ब्राउझर ते मानत नाही आणि उतरवण्याऐवजी वाजवायला लागतो. तिथे सर्व्हरकडूनच कंटेंट-डिस्पोझिशन हेडर ‘अटॅचमेंट’ म्हणून पाठवावं लागतं. प्लेयरच्या मेनूतला डाउनलोड लपवण्याची सोय आहे, पण जे वाजतं ते उतरतंच; त्यात वेळ घालवू नये.

फाईलीला मराठी नाव देण्याचा मोह टाळलेला बरा. ‘व्याख्यान’ या एका शब्दाचे दुव्यात ८१ वर्ण होतात, आणि असा दुवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की तो दुवा कमी आणि कचरा जास्त वाटतो. सर्व्हरवर रोमन अक्षरं आणि आकडे ठेवावेत. उतरताना मिळणारं मराठी नाव डाउनलोड अ‍ॅट्रिब्यूटमध्ये लिहावं. दुरुस्त केलेली फाईल जुन्याच नावाने चढवू नये, कॅशमुळे कित्येकांना जुनीच ऐकू येत राहते. नावाला ‘दोन’ जोडून दुवा बदलावा.

एक उणीव अजून सलते : तासाचं भाषण अर्ध्यावर सोडून टॅब बंद केला की ब्राउझर जागा विसरतो. दर पाच सेकंदांनी वेळ लोकल स्टोरेजमध्ये (ब्राउझरच्या स्वतःच्या साठ्यात) लिहिणारी स्क्रिप्ट हाताने जोडावी लागली.