व्हर्जिलचं ‘ईनिड’: आठ महिन्यांच्या वाचनानंतर

रोमन कवी व्हर्जिलचं ‘ईनिड’ हे लॅटिन महाकाव्य म्हणजे पडलेल्या ट्रॉयमधून इटलीकडे निघालेल्या ईनियसची कथा. रोज चाळीस ओळी वाचल्या तर त्याच्या १२ सर्गांना आणि ९,८९६ ओळींना साधारण आठ महिने लागतात. डावीकडे लॅटिन, उजवीकडे इंग्रजी अशी प्रत घ्यावी. नुसत्या भाषांतरावर भागत नाही. या काव्याचा जीव ‘फातुम’ (ढोबळपणे नियती) या शब्दात आहे आणि भाषांतरात तो कुठे नशीब, कुठे मरण, कुठे देवाज्ञा होऊन विखुरतो.

वृत्ताची धास्ती नको. सहा गणांच्या ओळीतला मुख्य गण म्हणजे आपला भगण, गुरु-लघु-लघु. त्याच्या जागी दोन गुरूही चालतात. अडखळायला होतं ते शब्दाच्या शेवटचा स्वर पुढच्या स्वरापाशी गिळला जातो तिथे. तो गिळला नाही की ओळीत एक अक्षर जास्त भरतं.

मराठी वाचक खरा फसतो तो फातुमला प्राक्तन समजून. आपलं विधिलिखित लिहिलेलं असतं, फातुम उच्चारलेलं. त्याचा धातूच ‘बोलणं’. मागच्या जन्मीचं कर्म त्यात नाही. आणि पक्का असतो तो फक्त शेवट. सातव्या सर्गात ईनियसच्या वाईटावर असलेली देवी ज्युनो कबूल करते की इटलीचं राज्य त्याला मिळणं तिला थांबवता येणार नाही, पण लांबवता येईल. आठव्यात अग्निदेव व्हल्कन सांगतो, ट्रॉय अजून दहा वर्षं टिकायला नियतीची आडकाठी नव्हती. म्हणजे कधी आणि कोणाच्या जिवावर, हे मोकळंच.

कार्थेजची राणी डायडो हिचा चौथा सर्ग ७०५ ओळींचा आहे, पण थेट तिथून सुरुवात करू नये. पहिल्या सर्गाच्या शेवटी ईनियसची आई, देवी व्हीनस, प्रेमदेव क्युपिडला ईनियसच्या लहानग्या मुलाच्या, अस्कानियसच्या रूपात पाठवते आणि डायडो त्याला मांडीवर घेते. हे सुटलं तर तिचं प्रेम नुसता उतावळेपणा वाटतो, आणि तो तिच्यावर फार मोठा अन्याय आहे. डायडोला सोडून निघताना ईनियसने केलेला बचाव (चौथा सर्ग, ओळी ३३३ ते ३६१) दोनदा वाचावा. नियतीने मोकळं सोडलं असतं तर, तो म्हणतो, आधी ट्रॉय सांभाळलं असतं. या इच्छेत कार्थेजचं नावही नाही! शेवटी ‘इतालियाम नोन स्पोन्ते सेक्वोर’, इटलीकडे मी स्वखुशीने जात नाही, आणि ओळ अर्ध्यातच थांबते. व्हर्जिल इ.स.पू. १९ मध्ये वारला तेव्हा अशा पन्नासहून अधिक ओळी अपुऱ्या होत्या. ही मात्र पुरी झालेली कल्पनेतही नको वाटते.

चौथ्यातल्याच ओळ ६९६ वर खूण करावी. ईनियस निघून गेल्यावर डायडो स्वतःचा जीव घेते. ती नियतीने मरत नव्हती आणि ते मरण तिच्या वाट्याला यावं असं तिने काही केलंही नव्हतं. म्हणून पाताळाची राणी प्रॉसर्पिनाने, जीव सुटण्याआधी कापायचा, तिच्या डोक्यावरचा केस कापलेला नसतो, आणि तिचा तडफडणारा जीव सोडवायला ज्युनो इंद्रधनुष्याची देवी आयरिस हिला धाडते.

दहाव्या सर्गात पडलेल्या योद्ध्यांच्या नावांमुळे वेग मंदावतो. तिथे दिवसाला साठ ओळी चालतील. फक्त ११३वी सोडू नये. देवांचा राजा ज्युपिटर कोणाचीच बाजू न घेता म्हणतो, नियती आपली वाट शोधेल.

चौथा संपला की क्रम मोडून सहाव्यातल्या ४५० ते ४७६ ओळी त्याच दिवशी वाचाव्यात. पाताळात ईनियस रडत सांगतो, राणी, तुझा किनारा मी मनाविरुद्ध सोडला. डायडो जमिनीवरची नजर उचलत नाही. एक शब्द न बोलता ती झाडीत, पहिल्या नवऱ्याकडे, निघून जाते.