आतड्याची चिप: आठ महिने वापरल्यानंतर

आतड्याच्या पेशी शरीराबाहेर, पण आतड्यासारख्या परिस्थितीत वाढवायचं हे छोटं उपकरण. खारघरच्या आमच्या प्रयोगशाळेत ही चिप ऑक्टोबरात आली. तेव्हापासून जवळपास रोज हाताळतेय.

पेनड्राइव्हएवढी, पारदर्शक, रबरासारख्या सिलिकॉनची. मधे सच्छिद्र पडदा, त्यावर कॅको-२ पेशी: मूळच्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगातल्या, पण पुरत्या वाढल्या की लहान आतड्याच्या अस्तरासारख्या वागतात. पडद्याच्या वरून-खालून मीडिया, म्हणजे पेशींना पोसणारा द्रव, वाहतो, बाजूच्या पोकळ्यांतला व्हॅक्यूम पडदा ताणतो नि सोडतो. डोनाल्ड इंगबर यांच्या हार्वर्डमधल्या गटाने २०१२ मध्ये वापरलेलेच आकडे आम्ही ठेवले: प्रवाह ताशी ३० मायक्रोलिटर, ताण १० टक्के, मिनिटाला ९ वेळा.

एरवी याच पेशी इन्सर्टवर (तळाला सच्छिद्र पडदा असलेल्या छोट्या कपात), स्थिर मीडियात, २१ दिवस सांभाळायच्या आणि शेवटी मिळतो तो सपाट थर. चिपमध्ये पाचव्या दिवशी त्या थराला खऱ्या आतड्यासारख्या घड्या पडायला लागल्या. सूक्ष्मदर्शक तसाच सोडून सरांना बोलवायला धावले.

मग हे नेमकं कशामुळे, ते शोधण्यात दोन महिने गेले, आणि मला सगळ्यात जास्त तिथेच मिळालं. व्हॅक्यूम बंद, प्रवाह चालू: घड्या आल्या. प्रवाह बंद, ताण चालू: थर सपाटच. मी धरून चालले होते की प्रवाह पेशींना वरून घासतो म्हणून हे होतं. पण पेशी खालच्या बाजूला वाढ रोखणारी प्रथिनं सोडत असतात. मीडिया साचून राहिला की ती तिथेच साठतात, वाहता असला की धुऊन जातात. म्हणजे बळाचा परिणाम मोजताना ते बळ काय वाहून नेतं, हेही मोजायला हवं. ताण निरुपयोगी आहे असं मात्र नाही. पेशी ताण ओळखतात, आणि आतडं तर सतत हलतंच.

त्रास म्हणजे बुडबुडे. एक बुडबुडा अडकला की आठवड्याची मेहनत गेली. माझ्या अशा चार चिप गेल्या. पावसाळ्याच्या तोंडावर वीज गेली आणि पंप रात्रभर बंद राहिला, तेव्हा आणखी दोन. शिवाय सिलिकॉन तेलात विरघळणारी औषधं स्वतःच शोषून घेतं, त्यामुळे तसल्या औषधांच्या चाचणीसाठी मी ही चिप सुचवणार नाही. त्या कामाला इन्सर्टच बरे.

घेणार असाल तर पंपाला वेगळा यूपीएस लावा. आणि मीडिया आधी ३७ अंशांवर नीट तापू द्या, मगच भरा. थंड मीडिया आत जाऊन तापला की त्यातली विरघळलेली हवा सुटते, आणि तोच बुडबुडा पेशी खरवडून नेतो.