व्हेलची धार की पक्ष्याचं टोक? कॅव्हिटेशनसाठी पंखा निवडताना

बोटीचा नवा पंखा (प्रोपेलर) घ्यायच्या आधी जुना नीट बघा. कॅव्हिटेशनमुळे, म्हणजे पाण्यात बनून जोराने मिटणाऱ्या वाफेच्या बुडबुड्यांमुळे, पात्यावर खड्डे नेमके कुठे पडलेत यावरच निवड ठरायला हवी. निसर्गावरून बेतलेली पाती आता बरीच आहेत, पण एकच रचना सगळ्या प्रकारच्या कॅव्हिटेशनवर चालत नाही.

फिरत्या पात्याच्या बोटीकडच्या अंगाला पाण्याचा दाब घसरतो. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात तो सुमारे २.३ किलोपास्कलपर्यंत, म्हणजे हवेच्या दाबाच्या चाळिसाव्या हिश्श्याच्याही खाली आला, की पाणी न तापता उकळू लागतं. वाफेचे हे बुडबुडे जास्त दाबात शिरले की जोराने मिटतात. त्यातून धातू झिजतो, आवाज आणि थरथर वाढते, बुडबुडे फारच झाले तर रेटाही घटतो.

पहिला पर्याय हंपबॅक व्हेलचा. तिच्या परांच्या पुढच्या धारेवर मोठे उंचवटे असतात. २००४ साली पराच्या नमुन्यांवर वाऱ्याच्या बोगद्यात चाचण्या झाल्या, तेव्हा उंचवट्यांमुळे स्टॉल, म्हणजे प्रवाह पृष्ठभागापासून सुटून उचल कोसळणं, सुमारे ४० टक्के जास्त कोनापर्यंत लांबला. उंचवट्यांमधून निघणारे भोवरे प्रवाहाला पृष्ठभागाशी धरून ठेवतात. मात्र कॅव्हिटेशनचा हिशोब वेगळा आहे. दोन उंचवट्यांमधल्या खोलगट जागी दाब आणखी उतरतो, म्हणून तिथे बुडबुडे लवकरसुद्धा सुरू होऊ शकतात. अशा धारेच्या सुकाणूंवर झालेल्या चाचण्यांत तेच दिसलं. फायदा असा की बुडबुड्यांचा पडदा पूर्ण पात्यावर न पसरता त्या खोलग्यांमागे अडून राहतो. व्हेल हे पर संथ वेगात झटकन वळायला वापरते, पंख्याच्या टोकाचा वेग तिला कधीच गाठायचा नसतो. ‘निसर्गाने हा प्रश्न केव्हाच सोडवलाय’ असं कुणी विक्रेता म्हणाला तर मला ते पटत नाही. २००८ मध्ये इस्रायलमधल्या संशोधकांनी गणित मांडलं होतं की पृष्ठभागाजवळ डॉल्फिनचा वेग कॅव्हिटेशनमुळेच सेकंदाला १० ते १५ मीटरच्या आसपास अडतो. म्हणजे समुद्रातल्या प्राण्यांचीही यातून सुटका नाही.

दुसरा पर्याय पक्ष्यांचा. घारीसारख्या तरंगणाऱ्या पक्ष्यांची टोकाची पिसं वर वळतात. विमानांच्या वळवलेल्या पंखटोकांमागे हाच विचार आहे. डेन्मार्कच्या कॅपेल पंख्यात पात्याचं टोक हळूहळू कमी दाबाच्या बाजूला वाकवलेलं असतं. टोकावरून सुटणाऱ्या भोवऱ्यात ऊर्जा वाया जाते आणि त्याच्या गाभ्यात बुडबुड्यांची दोरी तयार होते. मागच्या सुकाणूवर ती आदळत राहते. खड्डे पात्यापेक्षा सुकाणूवर जास्त असतील, तर माझ्या मते व्हेलच्या धारेपेक्षा टोकाकडे लक्ष द्या. कॅपेल मोठ्या व्यापारी जहाजांवर वर्षानुवर्षं चालतोय, ही त्याची भक्कम बाजू. ट्रॉलरच्या मापात मात्र तो सहज मिळेल असं धरून चालू नका.

वळसा घेऊन परत बुंध्याला जोडलेल्या पात्यांचे पंखेही चर्चेत आहेत. त्यांना मोकळं टोकच नसतं. वेगवान आउटबोर्ड (मागे बाहेर इंजिन टांगलेल्या) बोटीला ते शोभतात, पण साध्या पंख्याच्या कितीतरी पट महाग पडतात.

या सगळ्यांशेजारी साधा, पण नीट मापाचा ब्राँझचा पंखा ठेवून बघा. १८९४ मध्ये इंजिनिअर चार्ल्स पार्सन्सच्या ‘टर्बिनिया’ या बोटीचा एकटा पंखा कॅव्हिटेशनमुळे पाण्याला पकडच देईना. त्याने तीन शाफ्टवर मिळून नऊ पंखे बसवले, भार जास्त क्षेत्रावर वाटला आणि बोट ३४ नॉटपर्यंत गेली. मच्छीमार बोटीच्या मालकाला मी आधी हेच सांगेन: पात्यांचं क्षेत्र वाढवा, पिच (एका फेऱ्यात पंखा जितकं पुढे सरकायला हवा ते अंतर) इंजिनाशी जुळवा, पाती मागे झुकलेली घ्या, पंखा आणि हल (बोटीचा सांगाडा) यांच्यामध्ये पुरेशी जागा सोडा. खड्डे बुंध्याशी असतील तर तिरक्या शाफ्टचा संशय घ्या; तिथे व्हेल किंवा पक्ष्याची नक्कल उपयोगाची नाही. शिवाय ओंडक्याला धडकून वाकलेलं साधं पातं गावातला कारागीर सरळ करतो. उंचवट्यांची धार बिघडली तर ती पुन्हा मूळ आकारात आणणं अवघड.

उंचवट्यांच्या धारेचा पर्याय मी आज सर्वेक्षणाच्या जहाजांसाठी मोकळा ठेवेन. तिथे पाण्याखालचा आवाज हाच मोठा मुद्दा असतो आणि आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनेही २०२३ मध्ये त्याबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं सुधारली आहेत. पण घेताना आपल्या वेगाला आणि आपल्या पंख्याच्या फेऱ्यांना केलेल्या कॅव्हिटेशन टनेलच्या (पंख्याचा नमुना वाहत्या पाण्यात तपासायच्या बोगद्याच्या) चाचणीचे आकडे मागा. नुसत्या संगणकी चित्रांवर पैसे देऊ नका.