नवशिक्यांसाठीचा ‘सेंद्रिय भाजीबाग संच’: खत चोख, बियाणे रंगवलेले

घरच्या घरी भाजी पिकवावी असे वाटते, पण ज्याने आजवर हातात खुरपेही धरलेले नाही, अशा माणसासाठी म्हणून जे तयार संच विकले जातात, त्यांपैकी एक मी घेतला आणि तीन महिने वापरून पाहिला. खोक्यात नऊ इंच व्यासाच्या व तेवढ्याच उंचीच्या सहा कापडी ग्रो बॅगा (रोपे लावायच्या पिशव्या), कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्याच्या, ६५० ग्रॅमच्या दोन विटा, ५ किलो गांडूळखत, थोडी निंबोळी पेंड, कडुनिंबाच्या तेलाची लहान बाटली, पाच भाज्यांचे बियाणे आणि एक माहितीपुस्तिका एवढा ऐवज होता.

आधी जे चांगले आहे ते सांगतो. गांडूळखत उत्तम होते. पिशवी उघडल्यावर कुजका किंवा उग्र वास आला नाही, पहिल्या पावसानंतर मातीला येतो तसा वास आला. मूठभर खत तळहातावर पसरून पाहिले तेव्हा चहाच्या भुकटीसारख्या दाण्यांमध्ये मोहरीपेक्षा थोडे मोठे, लिंबाच्या आकाराचे पिवळसर कोष दिसले. हे गांडुळांच्या अंड्यांचे कोष. ते सापडले म्हणजे खत खरोखरच गांडुळांच्या पोटातून आलेले आहे, शेणाचा चुरा भरून वर गांडूळखताचे लेबल लावलेले नाही, एवढी खात्री पटते.

मात्र पिशव्या भरायला घेतल्या आणि हिशेब चुकला. नऊ इंची पिशवीत साधारण ९ लिटर मिश्रण मावते, म्हणजे सहा पिशव्यांना ५५ लिटरांच्या आसपास हवे. कोकोपीटची ६५० ग्रॅमची वीट पाण्यात फुगून ८ ते ९ लिटर होते, तेव्हा दोन विटांचे १७ लिटर धरले आणि खताचे ८-१० लिटर त्यात मिळवले, तरी एकूण भरते २७ लिटरच. मी बादलीने मोजूनच पाहिले: तीन पिशव्या काठोकाठ भरल्या आणि उरलेल्या तीन रिकाम्या राहिल्या. पुस्तिकेत याचा अवाक्षरानेही उल्लेख नाही; उलट मुखपृष्ठावर सहाही पिशव्या हिरव्यागार दाखवल्या आहेत. अर्ध्याच भरलेल्या पिशवीत रोप लावणे हा नवशिक्याला सहज सुचणारा उपाय आहे, पण त्यात मुळांना खोली मिळत नाही आणि पिशवीच्या उभ्या कडांची सावली कोवळ्या रोपावर पडते. त्यापेक्षा कड खाली दुमडून घ्यावी, किंवा सरळ बागेतली माती आणून भर घालावी. मी दुसरा मार्ग धरला. कोकोपीटमध्ये स्वतःचे पोषण जवळजवळ नसतेच, त्यामुळे माती आल्याने बिघडले काही नाही, झाला तो फायदाच.

कोकोपीटबद्दल आणखी एक गोष्ट पुस्तिकेने सांगायला हवी होती. नारळाच्या काथ्याच्या या भुश्यात क्षार असू शकतात, म्हणून तो भिजवल्यानंतर स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन, पिळून मगच वापरावा. माझ्या विटांचे पहिले पाणी अगदी काढ्यासारखे तपकिरी निघाले. ‘रोज सकाळ-संध्याकाळ पाणी द्यावे’ ही पुस्तिकेतली सूचना तर सरळसरळ चुकीची आहे. कोकोपीट वरून फिकट आणि सुकलेले दिसत असताना खाली दोन इंचांवर चिंब असते. पुस्तिकेवर विश्वास ठेवून मी पहिला आठवडा दोन वेळा पाणी घातले आणि पालकाची निम्मी रोपे मातीलगत काळी पडून, मान मोडल्यासारखी आडवी झाली. बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत घालून कोरडे लागले तरच पाणी द्यायचे, हा नियम पाळू लागल्यावर दुसरी पेरणी तगली.

माझी खरी नाराजी बियाण्याबद्दल आहे. पालक, मुळा आणि कोथिंबीर यांचे बी नैसर्गिक रंगाचे होते, पण टोमॅटो आणि मिरचीच्या पुड्या फोडल्या तेव्हा आतून चक्क गुलाबी बिया निघाल्या. बुरशीनाशक चोळलेले बियाणे ओळखता यावे आणि ते चुकून खाण्यात येऊ नये, यासाठी त्याला असा रंग देतात. पुडीच्या मागे अगदी बारीक अक्षरांत ‘प्रक्रिया केलेले बियाणे’ असे छापलेलेही होते. सर्वसाधारण शेतीत ही रूढ पद्धत आहे आणि तिच्यावर माझा आक्षेप नाही. परंतु सेंद्रिय म्हणवणाऱ्या खोक्यात रासायनिक बुरशीनाशक लावलेले बी असणे मला पटणारे नाही. मी त्या दोन पुड्या बाजूला ठेवल्या आणि प्रक्रिया न केलेले बी वेगळे आणून लावले.

कडुनिंबाचे तेल नुसते पाण्यात ओतले तर वर तरंगते, आणि पुस्तिका नेमके तसेच करायला सांगते. लिटरभर पाण्यात ५ मिलि तेल आणि पातळ साबणाचे काही थेंब घालून हलवल्यावर दुधासारखे पाणी झाले. ते संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारले, कारण उन्हात त्यातला कीडरोधक अंश लवकर निकामी होतो. दोन फवारण्यांत मिरचीवरची मावा ही कीड आटोक्यात आली.

मुळा महिन्याभरात काढणीला आला आणि त्याने समाधान दिले. टोमॅटोला मात्र नऊ इंची पिशवी अपुरीच पडते. माझी रोपे फुलावर येताच दुपारी माना टाकू लागली, तेव्हा ती बारा इंची पिशवीत हलवावी लागली, जिच्यात जवळपास २२ लिटर मिश्रण लागते. ज्यांना फक्त पालेभाज्या आणि मुळा लावायचा आहे त्यांनी हा संच जरूर घ्यावा, मात्र सहाऐवजी तीनच पिशव्यांचा आहे असे समजून घ्यावा. टोमॅटो-मिरचीसाठी घेणाऱ्यांनी खत आणि पिशव्या सुट्या घेतलेल्या बऱ्या.

बियाण्याविषयी मी ग्राहक सेवेकडे तक्रार केली. ‘सेंद्रिय’ हा शब्द केवळ खताला उद्देशून आहे, असे उत्तर चार दिवसांनी आले. खोक्याच्या झाकणावर तो शब्द टोमॅटोच्या चित्राखाली छापलेला आहे.