सिस्प्लेक्सवर एआरएम: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

पॅरलल सिस्प्लेक्समधली, म्हणजे एकत्र जोडलेल्या आयबीएम मेनफ्रेम सिस्टीमच्या समूहातली, एखादी सिस्टीम कोसळली, की तिच्यावरचं डीबीटू (डेटाबेस) आणि सीआयसीएस (व्यवहार चालवणारं सॉफ्टवेअर) कुठल्या सिस्टीमवर, कुठल्या क्रमाने उठवायचं, हे झेड/ओएस या मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टीममधला ऑटोमॅटिक रिस्टार्ट मॅनेजर, म्हणजेच एआरएम ठरवतो. आमची टीम पुण्यात बसून परदेशातल्या एका बँकेचा सिस्प्लेक्स सांभाळते. तिथे एआरएम बरीच वर्षं नावापुरता चालू होता. गेले काही महिने नीट पॉलिसी, म्हणजे त्याचे नियम, लिहून तो प्रॉडक्शनवर वापरतोय, आणि आता त्याच्याबद्दल खात्रीने बोलता येईल एवढं पाहून झालं आहे.

डेटा शेअरिंग म्हणजे एक मेंबर (एका सिस्टीमवरचं डीबीटू) गेला तरी बाकीचे चालू राहतात, मग घाई कसली, असं बरेच जण विचारतात. घाई लॉकची असते. डीबीटूचा मेंबर अचानक मेला, की त्याने बदलत असलेल्या डेटावरचे लॉक कपलिंग फॅसिलिटीमध्ये, म्हणजे सगळ्या सिस्टीमच्या सामायिक मेमरीत, तसेच राहतात. हे रिटेन्ड लॉक. अर्धवट बदललेला डेटा दुसऱ्या कुणाच्या हाती लागू नये म्हणून ते हवेतच. पण तो मेंबर पुन्हा उठून आपला लॉग वाचून आवराआवर करत नाही, तोवर त्या पेजला किंवा ओळीला हात लावणारे इतर मेंबरवरचे व्यवहार उणे ९०४ (डेटा उपलब्ध नाही, हा एरर कोड) घेऊन परततात. म्हणजे सिस्टीम एक पडली तरी तिची झळ सगळ्यांना. म्हणून मेलेला मेंबर लवकरात लवकर कुठेतरी उठवणं हेच रिकव्हरीचं पहिलं काम, आणि त्यासाठी एआरएमइतकं चांगलं साधन माझ्या पाहण्यात नाही.

इथे लाइट रिस्टार्ट वापराच. पॉलिसीत सिस्टीम पडल्यावरच्या रिस्टार्टसाठी डीबीटूची वेगळी स्टार्ट कमांड देता येते, तिच्यात लाइट यस लिहायचं. मेंबर दुसऱ्या एलपारवर (मेनफ्रेमचा एक विभाग, ज्यात एक सिस्टीम चालते) कमी मेमरीत उठतो, लॉक सोडवतो आणि काम झालं की स्वतःच बंद होतो. इनडाउट, म्हणजे पक्के करायचे की मागे घ्यायचे हे न ठरलेले, व्यवहार उरले असतील तर ते निकाली निघेपर्यंत थांबतो. ज्या एलपारवर तो येतो तिथे आधीच एक मेंबर पूर्ण भाराने चालू असतो, त्यामुळे हा हलकेपणा फार मोलाचा. सीआयसीएस रीजनही (सीआयसीएसच्या चालू प्रती) मागोमाग उठायला हवेत, कारण इनडाउटचा निर्णय बऱ्याचदा त्यांच्याच लॉगमध्ये असतो.

क्रमासाठी पॉलिसीत लेव्हल असतात, आणि जे एलिमेंट (एआरएमकडे नोंदलेले जॉब) एकाच सिस्टीमवर एकत्र जायला हवेत त्यांचा रिस्टार्ट ग्रुप करता येतो. डीबीटू खालच्या लेव्हलला, सीआयसीएस वरच्या. लेव्हलचा हा क्रम सिस्टीम पडल्यावरच लागू होतो. एकटा जॉब जागच्या जागी मेला तर एआरएम फक्त तेवढाच उठवतो. डिफॉल्टप्रमाणे ३०० सेकंदांत तीन प्रयत्न होतात, मग तो हात टेकतो. हे आकडे आम्ही बदलले नाहीत, बदलायची गरजही वाटली नाही.

आता मुख्य मुद्दा. एकटा एआरएम अपुरा आहे. पडलेली सिस्टीम सिस्प्लेक्समधून अधिकृतपणे बाहेर काढली गेल्याशिवाय तो दुसरीकडे काहीही सुरू करत नाही, आणि हे बाहेर काढणं सिस्प्लेक्स फेल्युअर मॅनेजमेंट, म्हणजेच एसएफएमच्या हाती असतं. प्रत्येक सिस्टीम कपल डेटासेटमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक नोंदींच्या फाइलमध्ये, ठरावीक काळाने आपली हजेरी लावते. हजेरी चुकली आणि एसएफएमची पॉलिसी नसली, तर कन्सोलवर आयएक्ससी४०२डी हा मेसेज येऊन बसतो: एलपार रीसेट करा, मग डाउन असं उत्तर द्या. रात्री तीन वाजता ऑपरेटरने हा मेसेज पाहून, योग्य एलपार ओळखून, रीसेट करून उत्तर द्यायचं. तोवर एआरएमची उत्तम पॉलिसीसुद्धा नुसती बसून असते. त्याहून भयंकर म्हणजे रीसेट न करताच डाउन म्हटलं आणि ती सिस्टीम मेलेली नसून फक्त अडकलेली असली, तर ती जागी होऊन डिस्कवर लिहायला लागू शकते. डेटा बिघडायला तेवढं पुरतं.

म्हणून एसएफएमच्या पॉलिसीत आयसोलेटटाइम (वेगळं करण्याआधी थांबायचा वेळ) शून्य ठेवा. हजेरी आणि सिग्नल दोन्ही थांबलेल्या सिस्टीमला एसएफएम माणसाला न विचारता कपलिंग फॅसिलिटीमार्फत वेगळं करतो आणि तिचं आय/ओ तोडतो. झेड/ओएस १.११ पासून याच्या पुढची सोय आली: बीसीपीआयआय या झेड/ओएसच्या इंटरफेसमार्फत इतर सिस्टीम थेट हार्डवेअरला विचारतात, की ती सिस्टीम खरंच गेली का. उत्तर हो आलं तर हजेरीची मुदत संपायची वाट पाहावी लागत नाही. फक्त सिस्प्लेक्सचा कपल डेटासेट एसस्टॅटडेट आयटमसह फॉरमॅट केलेला हवा, आणि नेमकं तेच बऱ्याच जुन्या ठिकाणी राहून गेलेलं असतं. आमच्याकडे वेळेचा सर्वांत मोठा फायदा या बदलानेच झाला. एआरएमची पॉलिसी सुधारून मिळालेला वेळ त्यापुढे किरकोळ.

तक्रारीही आहेत. एखादा रीजन जिवंत आहे पण अडकून पडला आहे, हे एआरएमला कळत नाही. जॉब ज्यात चालतो ती ॲड्रेस स्पेस बंद पडल्याशिवाय एआरएम हलत नाही. रिस्टार्ट फक्त त्याच जेईएस२ मॅसमधल्या (जॉबची एकच रांग वापरणाऱ्या गटातल्या) सिस्टीमवर होतो, त्यामुळे मॅस वेगवेगळे असलेल्या सिस्प्लेक्समध्ये पर्याय कमी उरतात. आणि एकाच जॉबवर एआरएम आणि ऑटोमेशन प्रॉडक्ट या दोघांची मालकी ठेवली, तर दोघंही स्टार्ट कमांड देतात. कोणता जॉब कोणाचा, हे आम्ही एका तक्त्यात लिहून ठेवलं, आणि त्या तक्त्याबाहेर कुणी जात नाही.

चाचणी घेणाऱ्यांसाठी: जॉब नुसता कॅन्सल केला तर एआरएम तो उठवत नाही, कारण त्याच्या दृष्टीने ते जाणूनबुजून केलेलं असतं. कॅन्सलला एआरएमरिस्टार्ट जोडावं लागतं. नवे लोक इथेच पॉलिसीवर संशय घेतात. सिस्टीम पडण्याची चाचणी मात्र टेस्ट सिस्प्लेक्सवर एलपार रीसेट करूनच घ्या. व्यवस्थित शटडाउन केलेल्या सिस्टीमचे एलिमेंट आधीच डीरजिस्टर झालेले असतात, त्यातून काहीच तपासलं जात नाही. चाचणीआधी आणि नंतर डिस्प्ले एक्ससीएफ, एआरएमस्टेटस, डिटेलचं आउटपुट जपून ठेवा.

एमक्यूचे (मेसेज पोचवणाऱ्या सॉफ्टवेअरचे) क्यू मॅनेजर आमच्याकडे अजून ऑटोमेशनच्याच ताब्यात आहेत. पुढच्या मेंटेनन्स विंडोत ते डीबीटूच्याच रिस्टार्ट ग्रुपमध्ये घ्यायचं ठरलं आहे.