डायनोजेस्ट २ मिलिग्रॅम, नऊ महिन्यांनंतर: दुखणं उतरलं, आता हाडांकडे बघा

एंडोमेट्रिओसिसच्या (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या) दुखण्यावरची ही हार्मोनची गोळी काम करते, पण सावकाश. रोज एक, ठरलेल्या वेळी, रक्तस्राव सुरू असला तरी खंड नाही. गर्भनिरोधक गोळ्यांच्या सवयीने मध्ये सात दिवस सोडले की सगळं विस्कटतं. पहिले तीन महिने अधूनमधून डाग पडतात. तिथेच बऱ्याच जणी कंटाळून सोडतात. घेतल्यावर तीन-चार तासांत उलटी झाली तर दुसरी घ्यायची. गर्भनिरोधक म्हणून हिच्यावर विसंबू नये, कंडोम लागतोच. क्षयाच्या औषधांतलं रिफाम्पिसिन हिचा असर कमी करतं, ते सुरू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावं.

हाडांच्या बाबतीत ही गोळी तशी सौम्य, कारण हाडं टिकवणारं इस्ट्रोजेन हार्मोन मध्यम पातळीवरच उतरतं. तरी किशोरवयीन मुलींमध्ये वर्षभरात कण्याची घनता सरासरी १.२ टक्के घटलेली दिसली आहे. याच आजारावरचं ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन (महिन्याला ३.७५ किंवा तीन महिन्यांनी ११.२५ मिलिग्रॅम) मात्र इस्ट्रोजेन थेट पाळी गेल्यासारखं खाली नेतं. नुसतं घेतलं तर सहा महिन्यांत कण्याची घनता सुमारे ३ टक्के जाते. म्हणून हाडं सांभाळायला सोबत रोज हार्मोनची गोळी, नॉरएथिस्टेरोन अ‍ॅसिटेट ५ मिलिग्रॅम, म्हणजे ‘अ‍ॅड-बॅक’. ‘आणखी एक हार्मोन कशाला’ म्हणून ती गोळी टाळणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. त्या गोळीने अंगातून निघणाऱ्या वाफाही कमी होतात. पहिल्या इंजेक्शननंतर आठवडा-दोन आठवडे दुखणं वाढू शकतं, ते अपेक्षितच.

डेक्साचा (हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीचा) रिपोर्ट हातात आला की टी-स्कोअरचा (तरुण निरोगी हाडांशी तुलना) रकाना सोडून झेड-स्कोअर (आपल्याच वयाच्या बायकांशी तुलना) बघा. पाळी सुरू असलेल्या वयात तोच धरतात; -२.० किंवा त्याखाली असेल तर वयाच्या मानाने कमी. टी-स्कोअरवरून छापलेलं ‘ऑस्टिओपेनिया’ (हाडांची घनता कमी) वाचून उगाच झोप उडते. पहिली तपासणी दादरला आणि दुसरी बोरिवलीला केली तर तुलनेला अर्थ नाही. मशीन तेच हवं. आदल्या दिवसापासून कॅल्शियमची गोळी बंद.

कॅल्शियम दिवसाला १००० मिलिग्रॅम, शक्य तेवढं ताटातून: १०० ग्रॅम नाचणीच्या पिठात साधारण ३५०. कार्बोनेटची गोळी जेवणासोबत, एका वेळी ५०० पर्यंत, लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब. पोहण्याने हाडांवर फारसा भार येत नाही, स्टेशनच्या पुलाचे जिने चढण्याने येतो. आणि ड जीवनसत्त्वाचं ६०,००० युनिटचं पाकीट आठवड्यातून एकदा लिहिलेलं असतं. ते रोजचं समजून घेऊ नका, रक्तातलं कॅल्शियम धोकादायक वाढतं.